काम शिकविणारे सरकार

इ. स. 1950 साली अमेरिकेतील खाणकामगारांचे पुढारी जॉन एल. लुईस यांनी कोळशाच्या खाणमालकांशी जो करार केला, त्यात वाढीव मजुरी आणि कामगारांच्या कल्याणनिधीची हमी त्यांनी पदरात पाडून घेतली व तिच्या मोबदल्यात यंत्राला अटकाव करण्याचा आग्रह सोडून दिला. जमिनीच्या पोटात यंत्रे शिरली, आणि पुढल्या दहा-अकरा वर्षांत खाणींत राबणाऱ्या माणसांची संख्या चार लाखांवरून दीड लाखाच्या घरात आली. जे खाणीत उरले त्यांचे बरे चालले. परंतु ज्यांना बाहेर पडावे लागले त्यांच्यासाठी पश्चिम व्हर्जिनिया आणि पूर्व केंटकी येथील डोंगराळ मुलुखात दुसरा उद्योग नव्हता, आणि बाप-आज्यांपासून चालत आलेले खाणकाम सोडून अन्य कोणतीही विद्या त्यांना अवगत नव्हती.

दक्षिणेकडील कापसाच्या मुलुखात हीच कथा निराळ्या पात्रांनी चालविली होती. 1944 साली मिसिसिपीतील क्लार्क्सडेल गावानजीकच्या एका मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंतचे सारे काम यंत्राने करून कापसाचे पीक घेण्यात आले, आणि ज्या कृष्णवर्णीय कुळांच्या श्रमावर दक्षिणेचे वैभव उभे राहिले होते ती कुळे त्या यंत्राच्या आगमनाबरोबर अनावश्यक ठरली. लाखो माणसांनी उत्तरेची वाट धरली. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, फिलाडेल्फिया या शहरांत ती पोचली तेव्हा तेथील कारखाने नुकतेच शहराबाहेर, महामार्गांच्या कडेला, स्थलांतर करू लागले होते; आणि जे शहरात राहिले होते त्यांच्या दारांवर वर्णाचा पहारा होता.

समृद्धीच्या ऐन भरात असलेल्या त्या राष्ट्राला या दोन्ही समूहांचे अस्तित्व फारसे जाणवत नव्हते. 1960 च्या मे महिन्यात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जॉन केनेडी पश्चिम व्हर्जिनियात फिरले, तेव्हा बॉस्टनच्या एका धनाढ्य घराण्यातील या तरुणाने सरकारी शिध्यावर जगणारी खाणकामगारांची कुटुंबे प्रथमच जवळून पाहिली. निवडून आल्यावर मागासलेल्या प्रदेशांच्या पुनरुज्जीवनाचा कायदा त्यांनी 1961 च्या मे महिन्यातच संमत करून घेतला. त्यात बेकारांना नवे काम शिकविण्याचे एक लहानसे कलम होते. कायद्याचा मुख्य भर उद्योगांना कर्जे देण्यावर होता आणि या कलमाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. पण पुढील साऱ्या इतिहासाचे बीज त्यातच होते.

त्या वर्षी बेकारीचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास घुटमळत होते आणि तिच्या निदानाविषयी वॉशिंग्टनमध्ये दोन पक्ष पडले होते. अध्यक्षांच्या अर्थविषयक सल्लागार मंडळाचे प्रमुख वॉल्टर हेलर यांचे म्हणणे असे की, बाजारात मागणीच कमी आहे. कर उतरवा, लोकांच्या हाती पैसा खेळू द्या, म्हणजे कारखानदार आपण होऊन माणसे शोधीत येतील. दुसऱ्या पक्षाचे मत असे की, कामे आहेत, परंतु ती करण्यास लागणारे कौशल्य बेकारांपाशी नाही. यंत्रयुगाने कामाचे स्वरूप पालटले आणि माणूस मागे राहिला. या दुसऱ्या मताला अर्थशास्त्राच्या एका नव्या विचाराचेही पाठबळ मिळत होते. थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 साली अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात मनुष्याच्या शिक्षणावरील खर्च ही एक प्रकारची भांडवली गुंतवणूकच होय असे प्रतिपादन केले होते. शास्त्र म्हणून वाद अनिर्णीत राहिला, पण राजकारणात दुसऱ्या पक्षाची सरशी झाली, आणि त्याचे कारण उघड होते. मागणी वाढविण्यासाठी तूट सोसावी लागते व काँग्रेसमधील सनातनी सभासदांना तुटीचे नाव सोसत नाही. उलट कष्टाळू माणसाला काम शिकविण्यास विरोध कोण करणार? कामगारसंघांना ते रुचले, कारखानदारांना रुचले, आणि विरोधी रिपब्लिकन पक्षातील पुष्कळांनाही रुचले.

अशा रीतीने 15 मार्च 1962 रोजी मनुष्यबळ-विकास व प्रशिक्षण कायद्यावर केनेडींची सही झाली. कारभाराची रचना अशी होती: प्रत्येक राज्यातील सरकारी रोजगार-कचेरीने आपल्या भागात कोणत्या धंद्यात माणसांची वाण आहे याचा अंदाज घ्यावयाचा, काम मिळण्याची वाजवी आशा असेल तेवढ्याच धंद्यांचे वर्ग मंजूर करावयाचे, बेकारांतून उमेदवार निवडावयाचे आणि त्यांना स्थानिक धंदेशिक्षण-शाळांच्या स्वाधीन करावयाचे. खर्च आरंभी संपूर्णपणे मध्यवर्ती खजिन्यातून. शिकत असलेल्या कुटुंबप्रमुखाला त्या राज्यातील बेकारी-भत्त्याच्या सरासरीइतका तनखा जास्तीत जास्त बावन्न आठवडे मिळावा अशीही तरतूद होती. शिकण्यासाठी प्रौढ माणसाला सरकारने पैसे द्यावेत, ही कल्पना सैन्यातून परतलेल्या शिपायांचा अपवाद सोडला तर त्या देशाला नवी होती. घरात चार तोंडे खाणारी असताना कोणी वर्षभर जोडकामाच्या वर्गात बसू शकत नाही, हे साधे सत्य कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आले होते, याबद्दल त्यांना श्रेय द्यावयास हवे. पुढे वीस वर्षांनी त्यांचेच उत्तराधिकारी ते विसरले.

या कायद्याच्या मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर जी मूर्ती होती ती एका विशिष्ट माणसाची: चाळिशी उलटलेला, वर्षानुवर्षे एकाच कारखान्यात काम केलेला, यंत्राने विस्थापित झालेला, बहुधा गोरा, कुटुंबवत्सल कारागीर. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले तेव्हा अशा कारागिरांची गरज ओसरू लागली होती, कारण व्यापारात तेजी येत चालली होती आणि अनुभवी माणसाला मालक पुनः बोलावून घेत होते. दारात उभे होते ते निराळेच लोक. शाळा अर्ध्यावर सोडलेली मुले, दक्षिणेतून आलेले शेतमजूर, काळ्या वस्त्यांतील तरुण. आणि यांतील अनेकांना जोडकामाच्या पुस्तकातील सूचना वाचता येत नव्हत्या, मग मोजपट्टीवरील अपूर्णांकांची गोष्ट दूरच. रोजगार-कचेरीतील अंमलदारांपुढे पेच पडला. वर्ग यशस्वी ठरावा तर शिकण्यास सोपे उमेदवार निवडावे. कायद्याचा हेतू सफल व्हावा तर अवघड उमेदवार घ्यावे. पहिल्या वर्षी त्यांनी बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग धरला. 1963 च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली, लेखन-वाचन आणि अंकगणित यांसाठी आणखी वीस आठवड्यांचा तनखा मंजूर झाला, आणि तरुणांसाठी राखून ठेवलेला हिस्साही वाढला. यंत्राने विस्थापित केलेल्या कारागिरासाठी जन्मलेला कायदा दोन वर्षांच्या आत ज्याला कधी कामावर घेतलेच नव्हते अशा माणसाचा कायदा होऊ लागला. माझ्या मते या अध्यायातील सर्वांत प्रामाणिक क्षण हाच होय. कारण येथे कारभाराने वस्तुस्थितीकडे पाहून स्वतःची समजूत बदलली.

याच सुमारास कामगार खात्यातील एक बुद्धिमान आणि काहीसा उपद्व्यापी दुय्यम मंत्री, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन, याच्या डोक्यात एक विलक्षण युक्ती आली. सक्तीच्या लष्करभरतीसाठी तपासणीला येणाऱ्या तरुणांचे आकडे सरकारी दफ्तरात पडूनच होते. त्यांची छाननी केल्यावर असे निष्पन्न झाले की, अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या सर्व मुलांना तपासले तर त्यांतील एक तृतीयांश शरीराने अथवा बुद्धीच्या कसोटीने सैन्याला नालायक ठरतील. हा अहवाल 1964 च्या नववर्षदिनी नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हाती पडला. केनेडींचा खून होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. गरिबांच्या दुःखाने न द्रवणारे सभासद राष्ट्रसंरक्षणाच्या नावाने द्रवतील, हा मॉयनिहनचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

जॉन्सन यांना हा विषय पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. 1928 साली टेक्ससमधील कोटुला गावी मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली होती, आणि 1935 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या राष्ट्रीय युवक प्रशासनाचे टेक्ससमधील संचालकपद त्यांच्याकडे आले होते. तेथे त्यांनी बेकार पोरांच्या हातून रस्त्याच्या कडेची विश्रांतिस्थाने बांधून घेतली आणि त्यांना दरमहा थोडासा मुशाहिरा मिळवून दिला. रूझवेल्टच्या वनसेनेचा इतिहासही त्यांच्यासमोर होता: 1933 ते 1942 या नऊ वर्षांत सुमारे तीस लक्ष तरुणांनी त्या छावण्यांत झाडे लावली, दरमहा तीस डॉलर मिळविले आणि त्यांतील पंचवीस बहुधा घरी धाडले. मात्र तीसच्या दशकातील त्या योजनांत काम प्रथम होते आणि शिक्षण दुय्यम. सरकारने आधी रोजगार दिला आणि तो करता करता पोरे जे शिकतील ते शिकली. जॉन्सन यांच्या हातून जे घडले ते याच्या उलट होते, आणि ते नकळत घडले असे म्हणता येत नाही.

8 जानेवारी 1964 रोजी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारल्यानंतर त्यांनी केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्यावर मसुद्याची कामगिरी सोपविली. कामगारमंत्री विलर्ड विर्ट्झ यांचे मत पहिल्यापासून स्पष्ट होते: गरिबी म्हणजे कामाचा अभाव; सबब सरकारने सार्वजनिक कामे काढून प्रौढांना रोजगार द्यावा. श्रायव्हर यांनी हे मत उचलून धरले आणि फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या बैठकीत सिगारेटवर जादा कर बसवून त्या उत्पन्नातून रोजगाराची योजना चालवावी असा प्रस्ताव मांडला. जॉन्सन यांनी तो क्षणाचाही विचार न करता बाजूला सारला. त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. साडेअकरा अब्ज डॉलरांची करकपात त्याच महिन्यात संमत व्हावयाची होती. तिच्यासाठी अर्थसमितीचे जहाल काटकसरवादी अध्यक्ष हॅरी बर्ड यांना खूष ठेवण्याकरिता अंदाजपत्रक शंभर अब्जांच्या खाली दाबून बसविलेले होते. एका हाताने कर उतरवीत असताना दुसऱ्या हाताने नवा कर बसविणे त्यांना परवडत नव्हते. परंतु परिणाम असा झाला की, गरीब माणसाला काम देण्याची योजना महाग म्हणून नामंजूर झाली आणि त्याला कामास लायक बनविण्याची योजना स्वस्त म्हणून मंजूर झाली. ज्या दोषामुळे माणूस बेकार आहे तो दोष त्याच्या अंगी आहे, बाजारात नाही, हे गृहीत कोणी ठरावाने मान्य केले नव्हते. एका बैठकीतील काटकसरीने ते कायद्यात येऊन बसले आणि पुढल्या कायद्यांतून ते फारसे हलले नाही.

विधेयक काँग्रेसमधून जाताना दक्षिणेच्या सभासदांनी आपली किंमत वसूल केली. तरुणांची प्रशिक्षण-छावणी आपल्या राज्यात नको असेल तर तीस दिवसांत नकार कळविण्याचा हक्क राज्यपालांना मिळाला, आणि श्रायव्हर यांचे उजवे हात समजले जाणारे ॲडम यार्मोलिन्स्की यांना नव्या खात्यात जागा देणार नाही असे वचन दिल्यावरच काही मते पदरात पडली. 20 ऑगस्ट 1964 रोजी आर्थिक संधीचा कायदा झाला. पहिल्या वर्षाची मंजुरी 94 कोटी 75 लक्ष डॉलरांची होती, आणि तिच्या शिरोभागी होती ‘जॉब कोअर’ ही निवासी प्रशिक्षणाची योजना.

योजनेमागील कल्पना अशी की, सोळा ते एकवीस वर्षांच्या ज्या मुलामुलींना घर, वस्ती आणि शाळा या तिन्हींनी टाकून दिले आहे त्यांना त्या वातावरणातून उचलून दूर कोठेतरी न्यावे; राहावयास जागा, पोटभर अन्न, वैद्यकीय तपासणी, वाचनाचे धडे आणि एखादा धंदा द्यावा; हातखर्चास दरमहा तीस डॉलर आणि बाहेर पडताना महिन्याकाठी पन्नास डॉलरांप्रमाणे साठलेली पुंजी द्यावी. पहिले केंद्र जानेवारी 1965 मध्ये मेरीलंडमधील कॅटॉक्टिनच्या डोंगरात, अध्यक्षांच्या विश्रामस्थानाच्या शेजारीच उघडले. मग युद्धकाळातील ओसाड लष्करी तळ एकामागून एक ताब्यात घेण्यात आले. न्यू जर्सीचा कॅम्प किल्मर, जेथून शिपाई युरोपातील आघाडीवर रवाना होत, इंडियानातील अ‍ॅटरबरी, केंटकीतील ब्रेकिनरिज, टेक्ससमधील गॅरी. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या केंद्रांचा मक्ता पुष्कळ ठिकाणी शिक्षकांकडे न देता कंपन्यांकडे देण्यात आला. अ‍ॅटरबरी वेस्टिंगहाउसने घेतले, कॅलिफोर्नियातील कॅम्प पार्क्स लिटन इंडस्ट्रीजने. क्षेपणास्त्रांची उपकरणे बनविणाऱ्या कंपनीला हार्लेममधील पोराला वाचावयास शिकविता येईल, असा त्या काळी व्यवस्थापनशास्त्रावर लोकांचा विश्वास होता.

पोरे आली. कित्येकांनी वर्षानुवर्षे दंतवैद्याचे तोंड पाहिलेले नव्हते, कित्येकांना चौथी-पाचवीच्या पलीकडचे वाचन येत नव्हते, आणि पुष्कळ आपल्या शहराच्या बाहेर प्रथमच पडले होते. दक्षिणेतील गोरा शेतकरीपुत्र आणि उत्तरेतील काळ्या वस्तीतील तरुण एका खोलीत झोपू लागले. हा प्रयोग स्वतंत्रपणेही पुष्कळ स्फोटक ठरला असता. 1965 च्या ऑगस्टमध्ये ब्रेकिनरिज येथे मोठी दंगल झाली आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. आसपासच्या गावांतून तक्रारी येऊ लागल्या. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग शहरात एका जुन्या हॉटेलात मुलींचे केंद्र निघाले तर निवृत्त वृद्धांच्या त्या शहराला गाणी आणि गडबड सहन होईना. हार्वर्डमध्ये मुलगा शिकवावयास लागते त्यापेक्षा एका जॉब कोअरच्या पोरावर अधिक खर्च होतो, हे वाक्य विरोधकांच्या तोंडी पाठ झाले. हा हिशेब ऐकावयास चटकदार असला तरी खोटा होता, कारण हार्वर्डच्या आकड्यात देणग्यांतून भागणारा खर्च आणि घरी आधीच खाल्लेली अठरा वर्षांची भाकरी धरलेली नव्हती. पण त्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. लाख जागांचे स्वप्न पाहिलेल्या योजनेला 1966 साली काँग्रेसने पंचेचाळीस हजारांची मर्यादा घातली. त्याच दुरुस्तीत ओरेगनच्या सभासद बाई एडिथ ग्रीन यांनी मुलींसाठी किमान शेकडा तेवीस जागांचे कलम घालून घेतले. कारण बेकारीचा प्रश्न म्हणजे पुरुषांचा प्रश्न, असे खात्यातील बहुतेकांना आजवर वाटत आले होते.

जॉब कोअरच्या यशाचे उदाहरण म्हणून जे नाव सांगितले जाई, ते पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाले. ह्यूस्टनच्या रस्त्यावर मारामाऱ्या करणारा सोळा वर्षांचा जॉर्ज फोरमन प्रथम ओरेगनमधील ग्रँट्स पासच्या केंद्रात आणि मग कॅम्प पार्क्सला आला. तेथे डॉक ब्रॉडस नावाच्या शिक्षकाने त्याच्या मुठींना शिस्त लावली, आणि 1968 साली मेक्सिको शहरात त्याने मुष्टियुद्धाचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. गंमत अशी की, जो धंदा त्याला फळला तो कोणत्याही केंद्राच्या मंजूर धंद्यांच्या यादीत नव्हता.

सरकारच्या या खटाटोपाच्या शेजारी त्याच काळात एक वेगळी गोष्ट फिलाडेल्फियात घडत होती, आणि मला ती अधिक शिकण्याजोगी वाटते. झायन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री लिऑन सलिव्हन यांनी शहरातील शेकडो कृष्णवर्णीय चर्चे एकत्र करून एक बहिष्काराची चळवळ चालविली होती: जी कंपनी काळ्या माणसाला बऱ्या नोकऱ्या देत नाही तिचा माल घ्यावयाचा नाही. एकामागून एक कंपन्या शरण आल्या. दारे उघडली, आणि मग असे दिसून आले की उघडलेल्या दारातून आत जाण्यास लागणारे शिक्षण पुष्कळांपाशी नाही. तेव्हा 1964 च्या जानेवारीत उत्तर फिलाडेल्फियातील एका सोडून दिलेल्या तुरुंगाच्या इमारतीत सलिव्हन यांनी ‘संधी-औद्योगिकीकरण केंद्र’ सुरू केले. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी मालकावर दबाव, मग नोकरीची जागा, आणि त्यानंतर त्या जागेसाठी शिक्षण. शिवाय प्रौढ माणसाला बाराखडी शिकताना वाटणारी लाज त्यांनी ओळखली होती. म्हणून त्यांच्याकडे वाचनाचा वर्ग ‘संभाषण-कौशल्य’ या नावाने चाले, आणि त्याच्या जोडीला आपल्या लोकांचा इतिहासही शिकविला जाई. सरकारी पैसा त्यांना पुढे मिळाला आणि 1967 साली स्वतः जॉन्सन ते केंद्र पाहून गेले. या नमुन्याची केंद्रे पुष्कळ शहरांत निघाली, परंतु सरकारी अनुदानाने केंद्राची नक्कल करता आली तरी बहिष्काराची करता येणे शक्य नव्हते.

निक्सन यांनी 1968 च्या निवडणुकीत जॉब कोअर मोडीत काढण्याचे आश्वासन दिले होते. 1969 च्या वसंतात त्यांनी एकोणसाठ केंद्रे बंद करण्याचा हुकूम काढला आणि उरलेली कामगार खात्याकडे वर्ग केली. पाठोपाठ त्यांनी जुन्या योजनांच्या पसाऱ्यावर हात घातला. प्रत्येक अडचणीसाठी निराळी योजना, प्रत्येक योजनेला निराळा अर्ज आणि निराळे अंमलदार, असा जो गुंता दहा वर्षांत माजला होता त्यावर त्यांचा उपाय असा की, पैसा शहरांना आणि परगण्यांना द्यावा व निर्णय त्यांच्यावर सोडावा. 28 डिसेंबर 1973 रोजी झालेल्या सर्वंकष रोजगार व प्रशिक्षण कायद्याने एक लाखाहून अधिक वस्तीच्या स्थानिक सरकारांना ही मुखत्यारी मिळाली. हा कायदा ‘सीटा’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखला जातो. तो शाई वाळण्यापूर्वीच तेलाच्या संकटात सापडला. 1975 च्या मे महिन्यात बेकारी शेकडा नऊवर गेली, आणि ती चढत असतानाच काँग्रेसने घाईने सार्वजनिक नोकऱ्यांची मोठी तरतूद त्यात कोंबली. अकरा वर्षांपूर्वी विर्ट्झ यांना नाकारलेली वस्तू अशी मागल्या दाराने आत आली. 1978 पर्यंत सात लाखांहून अधिक माणसे या पैशावर कामाला लागली होती: बालवाड्यांत, वाचनालयांत, रस्तेदुरुस्तीवर, कित्येक शहरांतील चित्रकार आणि नट यांनाही त्याने भिंती आणि रंगमंच मिळवून दिले. पण कर्जबाजारी नगरपालिकांनी आपलेच कामावरून काढलेले नोकर पुनः मध्यवर्ती सरकारच्या पगारावर ठेवले, ओळखीपाळखीने भरती झाली, हिशेबात घोटाळे सापडले. रेगन सत्तेवर येताच 1981 साली या नोकऱ्या रद्दबातल झाल्या, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यास फारसे कोणी उभे राहिले नाही.

या सर्व अवधीत एक साधा प्रश्न अनुत्तरित होता: शिकलेल्या माणसाला शिक्षणामुळे काम मिळाले, की ते त्याला एरवीही मिळाले असते? प्रिन्स्टनचे अर्थशास्त्री ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1962 च्या कायद्याखाली शिकलेल्यांच्या कमाईच्या नोंदी तपासल्या आणि 1978 साली एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. प्रशिक्षणास येण्यापूर्वीच्या वर्षी या माणसांची कमाई खाली घसरलेली असे. ते उघडच होते, कारण दिवस फिरल्यावाचून कोण सरकारी वर्गाची पायरी चढतो? परंतु त्या पडत्या वर्षाशी तुलना केली तर पुढील प्रत्येक वर्ष चांगलेच दिसणार. खात्याचे अहवाल ज्या यशाच्या आकड्यांनी सजले होते त्यांतील मोठा भाग नुसत्या काळाच्या ओघाचा असू शकत होता.

1982 च्या ऑक्टोबरात रेगन यांनी ज्या नव्या कायद्यावर सही केली, त्याचे दोन पुरस्कर्ते म्हणजे उजव्या बाजूचे डॅन क्वेल आणि डाव्या बाजूचे एडवर्ड केनेडी; आणि अशा जोडीचा कायदा जसा असावयाचा तसाच तो होता. सार्वजनिक नोकऱ्या नाहीत, तनखा जवळजवळ नाही, कारभारावर स्थानिक व्यापाऱ्यांच्या मंडळांची देखरेख, आणि किती माणसे कामाला लावली यावरून संस्थांचे बिल चुकते. परिणाम काय होणार हे 1962 च्या रोजगार-कचेरीतील कोणत्याही कारकुनाने सांगितले असते. संस्थांनी दुधावरची साय काढून घेतली. ज्यांना थोड्या शिकवणीने लगेच काम मिळेल असे उमेदवार आत आले, आणि वर्षभर बसण्यास ज्यांच्या घरी खावयास नव्हते ते आपोआप बाहेर राहिले.

त्या कायद्यानेच मात्र अ‍ॅशेनफेल्टरच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची व्यवस्था केली. अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून काहींना प्रवेश द्यावयाचा व काहींना नाकारावयाचा, आणि पुढे दोघांची कमाई ताडून पाहावयाची. दोनशेहून अधिक ठिकाणी विचारणा झाली. गरजूला चिठ्ठीने परत पाठविण्यास तयार झाली केवळ सोळा. वीस हजारांहून अधिक अर्जदारांच्या या पाहणीचे निष्कर्ष 1993-94 च्या सुमारास बाहेर आले. प्रौढ स्त्रियांना लाभ झाला होता, प्रौढ पुरुषांनाही थोडा झाला होता. शाळेबाहेरील तरुणांना काहीही झाला नव्हता, आणि ज्या मुलांना पूर्वी अटक झाली होती त्यांची स्थिती तर न शिकलेल्यांहून वाईट दिसली. 1995 साली काँग्रेसने तरुणांच्या या शाखेची रक्कम जवळजवळ चार-पंचमांश छाटली. ज्या मुलांच्या नावाने मॉयनिहनने 1964 साली राष्ट्राला जागे केले होते, त्यांच्या संदर्भात शिक्षण अपुरे आणि अल्पकालीन होते की शिक्षणानंतरचे कामच नव्हते, याचा तपास कोणी केला नाही. उलट सर्वांत महाग आणि सर्वांत निंदिलेली जी निवासी योजना, तिच्यात 1994 ते 1996 च्या दरम्यान अर्ज केलेल्यांची अशीच पाहणी झाली, तेव्हा अटकेचे प्रमाण घटलेले आणि चौथ्या वर्षी कमाई सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेली आढळली. ती वाढ पुढे विरत गेली, मात्र वीस वर्षांवरील मुलामुलींत टिकून राहिली.

क्लिंटन यांनी 7 ऑगस्ट 1998 रोजी सही केलेल्या नव्या कायद्यात प्रमुख योजनांचा कारभार प्रत्येक स्थानिक विभागात एका छपराखाली आणण्यात आला. तेथे येणाऱ्या बेकाराने प्रथम नोकऱ्यांची यादी चाळून स्वतः काम शोधावयाचे. ते न मिळाले तर अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावयाचा. आणि त्यानेही भागले नाही, तरच प्रशिक्षणाच्या खर्चाचा परवाना मागावयाचा, असा त्या कायद्याचा नियम होता.